कंपनीसाठी ऑनलाइन प्रशिक्षण : पहिला अभ्यासक्रम कसा घडवावा

पर्यटनाचा हंगाम जवळ आला की गोव्यातील हॉटेलांत नव्या माणसांची भरती सुरू होते. कोणी सत्तरीतून येतो, कोणी बेळगाव-खानापूरकडून, तर कोणी थेट ओडिशा किंवा आसामातून. अनेक ठिकाणी रुजू होण्याच्या दिवशीच नव्या कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर प्रशिक्षणाचा दुवा येतो. इंग्रजीतील पन्नासेक स्लाइड भराभर पुढे सरकवल्या जातात, शेवटच्या पाच प्रश्नांची उत्तरे शेजारच्याला विचारून भरली जातात आणि पडद्यावर ‘प्रशिक्षण पूर्ण’ असे झळकते. कंपनीच्या दप्तरी त्या माणसाचे प्रशिक्षण झालेले असते. मात्र बाथरूम साफ करताना ॲसिडवर ब्लीच ओतू नये, ओतल्यास क्लोरिन वायू तयार होऊन श्वास कोंडतो, ही गोष्ट त्याच्यापर्यंत पोहोचलेली असतेच असे नाही.

ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करणे आता मोठ्या कंपन्यांपुरते राहिलेले नाही. वेर्णा, कुंडई किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतींतील मध्यम आकाराचा कारखानाही एक मोबाइल, एक संगणक आणि एखादा चांगला माइक यांच्या आधारे तो तयार करू शकतो. साधने सहज मिळत असल्यामुळेच सुरुवात चुकीच्या टोकाकडून होण्याचा संभव वाढतो. सॉफ्टवेअर आधी खरेदी होते, स्लाइड नंतर तयार होतात आणि कर्मचाऱ्याने नेमके काय वेगळे करायचे, हा प्रश्न शेवटपर्यंत कोणी विचारत नाही. पुढील विवेचनात हॉटेलातील स्वच्छतेच्या रसायनांचा सुरक्षित वापर हा विषय उदाहरणादाखल घेऊन पहिल्या अभ्यासक्रमाचे टप्पे मांडले आहेत. औषधनिर्मिती, अन्नप्रक्रिया, अभियांत्रिकी किंवा बँकिंग अशा कोणत्याही क्षेत्रात हेच टप्पे थोड्या फरकाने लागू पडतात.

थोडी पूर्वपीठिका

संगणकाद्वारे शिकवण्याचा प्रयत्न इंटरनेटपेक्षा जुना आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात 1960 साली ‘प्लेटो’ ही संगणकीय अध्यापन प्रणाली सुरू झाली. 1975 साली फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने अमेरिकी सैन्यासाठी प्रशिक्षण आखण्याची एक पद्धत तयार केली. विश्लेषण, रचना, निर्मिती, अंमलबजावणी आणि मूल्यमापन या तिच्या पाच पायऱ्या आजही जगभर वापरल्या जातात. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘ॲडी’ या नावाने ओळखली जाते. 2002 साली ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुजिआमास यांनी ‘मूडल’ ही मुक्तस्रोत प्रणाली प्रसिद्ध केली आणि लहान संस्थांनाही स्वतःचे ऑनलाइन वर्ग चालवणे शक्य झाले.

भारतात आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांचा ‘एनपीटीईएल’ प्रकल्प 2003 पासून अभियांत्रिकीची व्याख्याने उपलब्ध करून देत आहे. 2017 साली केंद्र सरकारने ‘स्वयम्’ हा मंच सुरू केला. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने सुमारे दहा मिनिटांचे ध्वनिचित्र-पाठ तयार करून ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणले. आपल्या भाषेतील छोटा पाठ आणि शिकणाऱ्याने तो पाहता पाहता स्वतः करून पाहणे, ही या प्रकल्पाची पद्धत कंपन्यांनीही अभ्यासावी अशी आहे.

आधी प्रश्न, मग अभ्यासक्रम

कामात चूक होत असेल तर तिचे कारण दरवेळी अज्ञानच असते असे नाही. कर्मचारी हातमोजे घालत नसेल, तर हातमोजे भांडारात उपलब्ध आहेत का, हे प्रथम पाहावे लागते. एका पाळीत इतक्या खोल्या नेमून दिल्या असतील की घाईशिवाय त्या पूर्णच होणार नाहीत, तर ‘सावकाश व काळजीपूर्वक काम करा’ असे सांगणारा व्हिडिओ निरुपयोगी ठरतो. साधन नाही, वेळ नाही, आदेश परस्परविरोधी आहेत किंवा माहिती नाही, या चारांपैकी फक्त शेवटच्या कारणावर प्रशिक्षणाचा उपाय लागू पडतो. उरलेल्या तिन्हींची जबाबदारी व्यवस्थापनाची आहे. ती प्रशिक्षणावर ढकलली की कर्मचाऱ्याचा सगळ्याच प्रशिक्षणावरचा विश्वास उडतो.

म्हणून पहिल्या आठवड्यात संगणकाला हात न लावता नोंदवह्या चाळाव्यात. अपघातांची नोंद, ग्राहकांच्या तक्रारी, वाया गेलेल्या मालाची यादी आणि पर्यवेक्षकांना वारंवार द्याव्या लागणाऱ्या सूचना यांतून खरी गरज पुढे येते. पहिल्या अभ्यासक्रमासाठी असा विषय निवडावा, ज्यातील चूक महागात पडते, जो अनेकांना लागू होतो आणि जो अर्ध्या तासात शिकवून होतो. ‘उत्तम ग्राहकसेवा’ किंवा ‘नेतृत्वगुण’ असे अघळपघळ विषय सुरुवातीला टाळावेत. ‘रसायने न मिसळता, योग्य बाटलीत, योग्य प्रमाणात वापरणे’ हा विषय वरील तिन्ही कसोट्यांना उतरतो.

काम प्रत्यक्ष पाहणे

विषय ठरल्यावर ते काम सर्वांत चांगले करणाऱ्या व्यक्तीचा शोध घ्यावा. ती व्यक्ती बहुधा व्यवस्थापकाच्या दालनात सापडत नाही. वीस वर्षे मजल्यावर काम केलेल्या एखाद्या बाईला रसायनाच्या वासावरून, रंगावरून आणि बाटलीच्या वजनावरून जे कळते, ते कोणत्याही लिखित कार्यपद्धतीत उतरलेले नसते. तिच्याबरोबर एक संपूर्ण पाळी घालवावी आणि ती काय करते, कोणत्या क्रमाने करते, कुठे थांबून विचार करते हे टिपून घ्यावे. ‘तुम्ही हे कसे करता?’ या प्रश्नापेक्षा ‘नवा माणूस इथे कोणती चूक करतो?’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. अनुभवी माणसाला स्वतःचे कौशल्य शब्दांत सांगता येत नाही. दुसऱ्याची चूक मात्र त्याला तत्काळ दिसते.

या निरीक्षणाला लेखी आधाराची जोड हवी. प्रत्येक औद्योगिक रसायनाबरोबर पुरवठादाराकडून ‘सेफ्टी डेटा शीट’ मागून घ्यावी. आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार तिचे सोळा भाग असतात. त्यांत धोक्याची ओळख, प्रथमोपचार, साठवण आणि कोणत्या पदार्थाबरोबर संयोग टाळावा, ही माहिती दिलेली असते. अभ्यासक्रमातील प्रत्येक सुरक्षाविषयक विधान या पत्रकाशी ताडून पाहावे. एखादी पद्धत अनुभवी कर्मचारी वर्षानुवर्षे वापरत आहे, एवढ्यावर ती सुरक्षित ठरत नाही. रिकाम्या पाण्याच्या बाटलीत ॲसिड भरून ठेवण्याची सवय अशीच जुनी असते. तहानलेल्या माणसाने ती बाटली तोंडाला लावली की ती जिवावर बेतते.

उद्दिष्ट एका वाक्यात

‘कर्मचाऱ्यांना रसायनांची माहिती व्हावी’ हे उद्दिष्ट मोजता येत नाही. ‘हा पाठ पूर्ण केल्यावर कर्मचारी ब्लीच आणि ॲसिडयुक्त क्लीनर या बाटल्या लेबलवरून वेगळ्या ओळखील, दोन्ही एकाच वेळी वापरणार नाही आणि चुकून मिसळल्यास खोलीबाहेर पडून पर्यवेक्षकाला कळवील’ हे उद्दिष्ट डोळ्यांनी तपासता येते. ओळखील, निवडील, जोडील, थांबवील, कळवील अशी क्रियापदे उद्दिष्टात असावीत. ‘समजेल’ आणि ‘जाणीव होईल’ ही क्रियापदे दिसली की वाक्य पुन्हा लिहावे.

एकदा उद्दिष्ट पक्के झाले की काय गाळावे हेही ठरते. क्लोरिनचा अणुक्रमांक, रसायन उद्योगाचा इतिहास, कंपनीच्या संचालकांचे मनोगत यांतील काहीही वरील तीन कृतींसाठी आवश्यक नाही. विषयतज्ज्ञांना सगळेच महत्त्वाचे वाटते आणि तो त्यांचा दोष नव्हे. ‘हे ठाऊक नसेल तर कर्मचारी कोणती चूक करील?’ असे त्यांना प्रत्येक मुद्द्यावर विचारावे. ज्याला उत्तर नाही, तो मुद्दा वगळावा.

संहिता आणि लांबी

चित्रीकरणापूर्वी संहिता कागदावर उतरवावी. पानाचे दोन रकाने करून डावीकडे पडद्यावर काय दिसेल आणि उजवीकडे काय ऐकू येईल, हे लिहावे. संहिता घड्याळ लावून मोठ्याने वाचली की पाठाची खरी लांबी कळते आणि बोलताना अडखळायला लावणारी वाक्येही सापडतात.

पाठ छोटा असावा, या म्हणण्याला आधार आहे. ‘एडएक्स’ या मंचावरील सुमारे 69 लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी साधारणपणे सहा मिनिटांपर्यंतच टिकून राहतात, असे त्यात आढळले. ते विद्यार्थी स्वेच्छेने शिकणारे होते, तर पाळी संपवून दमलेल्या कर्मचाऱ्याकडून त्याहून अधिकाची अपेक्षा धरता येत नाही. अर्ध्या तासाचा अभ्यासक्रम पाच-सहा पाठांत विभागावा आणि प्रत्येक पाठात एकच कृती शिकवावी.

रसायनांच्या अभ्यासक्रमाची मांडणी पुढीलप्रमाणे करता येईल. पहिल्या पाठात बाटली व लेबल ओळखणे. लाल चौकटीतील धोक्याच्या चित्रखुणा येथेच दाखवाव्यात. दुसऱ्या पाठात पाण्यात रसायन मोजून मिसळणे. तिसऱ्यात कोणती दोन रसायने कधीही एकत्र आणू नयेत, हे. चौथ्यात हातमोजे, चश्मा आणि खेळती हवा. पाचव्यात अंगावर किंवा डोळ्यात उडाल्यास काय करावे, म्हणजे डोळे स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावेत आणि त्याच वेळी मदत मागवावी, हे. सहाव्या पाठात एका संपूर्ण खोलीची स्वच्छता सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवावी.

भाषा हा मूळ प्रश्न

गोव्यात देवनागरी कोकणी ही राजभाषा आहे आणि 1987 च्या राजभाषा कायद्यान्वये मराठीचाही शासकीय कामकाजात वापर होतो. कारखान्याच्या किंवा हॉटेलच्या मजल्यावर त्यात हिंदी, कन्नड, उडिया, बंगाली आणि नेपाळी यांची भर पडते. अभ्यासक्रम मात्र बहुतेक वेळा इंग्रजीत असतो, कारण तो तयार करणाऱ्यांची कार्यालयीन भाषा इंग्रजी असते. धोक्याची सूचना ज्याच्यासाठी आहे त्यालाच ती वाचता येत नसेल, तर ती दिली गेली असे म्हणता येत नाही.

भाषांची निवड अंदाजाने करू नये. कर्मचाऱ्यांना दोन प्रश्न विचारावेत : कोणती भाषा बोलता आणि कोणती सहज वाचता? दोन्हींची उत्तरे पुष्कळदा वेगळी येतात. घरी कोकणी बोलणारा मराठी सहज वाचतो, तर घरी बंगाली बोलणारा हिंदी समजतो पण वाचताना अडतो. म्हणून चित्र आणि आवाज यांवर भर द्यावा आणि पडद्यावरील मजकूर कमीत कमी ठेवावा. मजकूर नसलेली चित्रफीत एकदा तयार झाली की तीवर कोकणी, मराठी, हिंदी आणि कन्नड निवेदन चढवणे तुलनेने स्वस्त पडते.

भाषांतर करताना पारिभाषिक शुद्धतेचा हट्ट धरू नये. मजल्यावर ज्याला ‘ब्लीच’ म्हणतात त्याला निवेदनातही ब्लीचच म्हणावे. ‘विरंजक द्रव्य’ म्हटल्याने भाषेचा मान वाढत नाही, धोका मात्र वाढतो. प्रत्येक भाषेतील निवेदन, ते लिहिण्यात ज्याचा हात नव्हता, अशा त्या भाषेच्या कर्मचाऱ्याला ऐकवून त्याने काय समजून घेतले, हे त्याच्याच शब्दांत सांगायला लावावे.

चित्रण, आवाज आणि पडदा

प्रेक्षक धूसर चित्र सहन करतो, खरखरणारा आवाज सहन करत नाही. त्यामुळे खर्च करायचाच असेल तर प्रथम कॉलरला लावायच्या माइकवर करावा. चित्रीकरणासाठी चांगला मोबाइल पुरतो. तो स्टँडवर ठेवावा, खिडकीचा उजेड कामावर पडू द्यावा आणि वातानुकूलन व पंखे बंद ठेवावेत. हातांचे काम दाखवताना कॅमेरा काम करणाऱ्याच्या खांद्यामागे असावा. समोरून चित्रण केल्यास उजवे-डावे उलटते. चित्रीकरण आपल्याच हॉटेलात, आपल्याच बाटल्यांसह आणि आपल्याच माणसांकडून करावे. परदेशी छायाचित्रांतील चकचकीत स्वयंपाकघर पाहून ‘हे आपल्यासाठी नाही’ असा समज चटकन होतो. चित्रणात दिसणाऱ्या कर्मचाऱ्यांची लेखी संमती घ्यावी.

बोलला जाणारा मजकूर जसाच्या तसा स्लाइडवर छापून वाचून दाखवल्याने शिकणे सोपे होत नाही. चित्र आणि निवेदन एकत्र आले की आकलन वाढते; त्याच वेळी डोळ्यांना लांब परिच्छेद वाचायला लावला की लक्ष विभागले जाते. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या संशोधनातून हा मुद्दा ठळकपणे पुढे आला. उपशीर्षके मात्र अवश्य द्यावीत आणि ती बंद-चालू करण्याची सोय ठेवावी. ऐकू न येणाऱ्या कर्मचाऱ्यांना त्यांची गरज असते आणि गोंगाटाच्या विश्रांतिकक्षात इतरांनाही त्यांचा उपयोग होतो. अक्षरे व पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे गुणोत्तर किमान 4.5 : 1 असावे, असे सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय मानक सांगते.

व्हिडिओचा आकारही दुर्लक्षून चालत नाही. सेकंदाला एक मेगाबिट या दराने चालणारा व्हिडिओ मिनिटाला साडेसात मेगाबाइट डेटा वापरतो. म्हणजे सहा पाच-मिनिटी पाठांना सव्वादोनशे मेगाबाइट लागतात. हा डेटा कर्मचाऱ्याच्या खिशातून जाऊ नये. कंपनीचे वायफाय उपलब्ध करावे किंवा पाठ उतरवून घेण्याची सोय द्यावी. शिक्षणाचा वेळ कामाच्या तासांत धरावा. सुट्टीच्या दिवशी घरी बसून करायला लावलेले प्रशिक्षण केवळ उरकले जाते.

साधने आणि मंच

साधनांचे दोन प्रकार आहेत. पाठ तयार करण्याची साधने वेगळी आणि तो कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचवून नोंद ठेवणारी प्रणाली वेगळी. दुसऱ्या प्रकाराला ‘लर्निंग मॅनेजमेंट सिस्टीम’ किंवा थोडक्यात ‘एलएमएस’ म्हणतात.

पाठ तयार करण्यासाठी पॉवरपॉइंटमध्ये आवाज ध्वनिमुद्रित करून त्याचा व्हिडिओ बनवणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. संगणकाचा पडदा मुद्रित करण्यासाठी ‘ओबीएस स्टुडिओ’, आवाज साफ करण्यासाठी ‘ऑडॅसिटी’ आणि परस्परसंवादी प्रश्नांसाठी ‘एचफाइव्हपी’ ही मोफत साधने आहेत. ‘आर्टिक्युलेट’, ‘ॲडोबी कॅप्टिव्हेट’ आणि ‘आयस्प्रिंग’ ही सशुल्क साधने अधिक सोयी देतात. पण पहिल्या अभ्यासक्रमासाठी त्यांचे वार्षिक शुल्क भरण्याची घाई करू नये.

कर्मचारी पन्नासच्या आत असतील तर स्वतंत्र एलएमएसचीही आवश्यकता भासत नाही. कंपनीच्या सामायिक फोल्डरमधील व्हिडिओ, एक ऑनलाइन प्रश्नपत्रिका आणि पर्यवेक्षकाची सही असलेली नोंदवही एवढ्यावर काम भागते. संख्या वाढली, शाखा अनेक झाल्या किंवा लेखापरीक्षणासाठी काटेकोर नोंदी लागल्या की एलएमएसचा विचार करावा. मूडलचा परवाना मोफत आहे. तथापि सर्व्हरचे भाडे आणि तो सांभाळणारा माणूस यांचा खर्च गृहीत धरावा लागतो.

एलएमएस घेताना ‘स्कॉर्म’ या शब्दाचा अर्थ समजून घ्यावा. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने तयार झालेले हे मानक आहे. त्यानुसार बांधलेला पाठ एका प्रणालीतून काढून दुसऱ्या प्रणालीत बसवता येतो. 2001 सालची त्याची 1.2 ही आवृत्ती आजही मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. विक्रेत्याला दोन प्रश्न लेखी विचारावेत : पाठ स्कॉर्ममध्ये बाहेर काढता येतील का आणि करार संपल्यावर कर्मचाऱ्यांच्या नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळतील? उत्तर संदिग्ध आले तर सावध व्हावे.

प्रश्न कसे विचारावेत

‘ब्लीचचे रासायनिक नाव काय?’ या प्रश्नाचे उत्तर बरोबर देणारा कर्मचारी सुरक्षित काम करीलच असे नाही. प्रश्नात प्रसंग असावा. उदाहरणार्थ : ‘आधीच्या पाळीतील सहकाऱ्याने कमोडमध्ये ॲसिड टाकून ठेवले आहे. तुमच्या हातात ब्लीच आहे. तुम्ही प्रथम काय कराल?’ पर्याय असे देता येतील : थोडेसेच ब्लीच टाकून लगेच घासून काढीन, तोंडाला रुमाल बांधून ब्लीच टाकीन, ब्लीच बाजूला ठेवून, दार-खिडकी उघडून, भरपूर पाणी सोडीन. तिसरा पर्याय बरोबर आहे. दुसरा पर्याय निवडणाऱ्याला ‘उत्तर चूक’ एवढेच दाखवून थांबू नये. रुमालाने वायू अडत नाही, हे त्याच क्षणी सांगावे. चुकीचे पर्याय मजल्यावर खरोखर घडणाऱ्या चुकांतून घेतले, तर प्रश्नपत्रिका स्वतःच शिकवते.

विस्मरणाचाही विचार करावा. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 सालीच दाखवून दिले की शिकलेले सुरुवातीला वेगाने विसरले जाते आणि अंतराअंतराने केलेली उजळणी ते टिकवून धरते. 2006 साली रोडिगर आणि कार्पिक यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिल्याचे दिसले. त्यामुळे अभ्यासक्रम संपल्यानंतर तिसऱ्या दिवशी, दुसऱ्या आठवड्यात आणि दुसऱ्या महिन्यात मोबाइलवर दोन-दोन प्रश्न पाठवावेत. यासाठी नवा खर्च लागत नाही.

पडद्यापलीकडचा सराव

हातांनी करायचे काम केवळ पडद्यावर शिकून होत नाही. प्रत्येक पाठासोबत पर्यवेक्षकासाठी एका पानाची तपासणी-यादी द्यावी. कर्मचाऱ्याने बाटली ओळखली का, माप वापरले का, हातमोजे घातले का, हे त्याने समोर उभे राहून पाहावे आणि मगच पाठ पूर्ण झाल्याची सही करावी. ही सही होईपर्यंत ऑनलाइन प्रमाणपत्र देऊ नये. या एका नियमामुळे उत्तरे शेजाऱ्याला विचारून भरण्याचे प्रयोजनच उरत नाही.

सर्वांना पाठवण्यापूर्वी अभ्यासक्रमाचा पाच-सहा कर्मचाऱ्यांवर प्रयोग करावा. त्यांत वयस्कर, नवखे आणि साधा मोबाइल वापरणारे असे सगळे असावेत. ते पाठ पाहत असताना मदत न करता बाजूला बसून राहावे. ज्या ठिकाणी बोट अडते, पाठ मागे नेला जातो किंवा जांभई येते, त्या ठिकाणी दुरुस्ती हवी. येथे अपयशी ठरतो तो पाठ, कर्मचारी नव्हे, हे त्यांना आरंभीच सांगितले की ते मोकळेपणाने बोलतात.

परिणाम कसा मोजावा

अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 साली मूल्यमापनाचे चार टप्पे मांडले : शिकणाऱ्याची प्रतिक्रिया, त्याने शिकलेली गोष्ट, कामातील बदललेले वर्तन आणि संस्थेला झालेला परिणाम. बहुतेक कंपन्या पहिल्या दोहोंवर थांबतात. ‘96 टक्के कर्मचाऱ्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला’ असा आकडा अहवालात शोभून दिसतो, पण लेबल नसलेल्या बाटल्या कमी झाल्या की नाही, हे त्यातून कळत नाही. म्हणून अभ्यासक्रमाआधी एक फेरी मारून लेबल नसलेल्या बाटल्या मोजाव्यात आणि महिन्यानंतर व तीन महिन्यांनंतर तशीच फेरी पुन्हा मारावी. आकडा खाली आला नाही, तर कारण पुन्हा मुळाशी जाऊन शोधावे. लेबलेच भांडारात नसतील, असेही असू शकते.

कायद्याची बाजू

काही विषयांचे प्रशिक्षण ऐच्छिक नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या 2013 च्या कायद्याच्या कलम 19 नुसार ठरावीक काळाने जागृती कार्यक्रम घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे. औषधनिर्मिती कारखान्यांना लागू असलेल्या ‘शेड्यूल एम’मध्ये प्रशिक्षण व त्याच्या नोंदी अपेक्षित आहेत. अशा विषयांत कंपनीचा ऑनलाइन पाठ पूरक म्हणून उपयोगी पडतो. कायद्याने विशिष्ट प्रशिक्षकाकडून किंवा विशिष्ट प्रमाणपत्रासह प्रशिक्षण सांगितले असेल, तेथे तो पर्याय ठरू शकत नाही.

स्वामित्वहक्काबाबतही स्पष्टता हवी. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीच्या ओघात कर्मचाऱ्याने तयार केलेल्या साहित्याचा हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे जातो. बाहेरच्या व्यक्तीकडून पाठ करून घेतल्यास हक्काचे हस्तांतरण लेखी करून घ्यावे. मुदत नमूद केली नाही तर ते हस्तांतरण पाच वर्षांचे मानले जाते, हे कलम 19 मधील तपशील अनेकांना ठाऊक नसतो. इंटरनेटवरून उचललेली गाणी व छायाचित्रे वापरू नयेत. कर्मचाऱ्यांचे गुण व नोंदी ही वैयक्तिक माहिती असल्याने 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचेही भान ठेवावे : गरजेपुरतीच माहिती घ्यावी आणि गुणांची यादी फलकावर लावू नये.

वेळापत्रक आणि देखभाल

पहिल्या अभ्यासक्रमासाठी सहा ते आठ आठवडे धरावेत. दोन आठवडे निरीक्षण व उद्दिष्टे, दोन आठवडे संहिता व तपासणी, एक ते दोन आठवडे चित्रीकरण व निवेदन आणि उरलेला काळ प्रयोग व दुरुस्ती. गोव्यातील हॉटेलांना यासाठी पावसाळा सोयीचा आहे. गर्दी ओसरलेली असते, खोल्या चित्रीकरणासाठी मोकळ्या मिळतात आणि ऑक्टोबरच्या भरतीपूर्वी पाठ हातात येतात.

अभ्यासक्रम एकदा केला की संपला, असे होत नाही. पुरवठादार बदलला की बाटलीचा रंग बदलतो आणि जुना व्हिडिओ चुकीचे शिकवू लागतो. प्रत्येक पाठावर तयार केल्याची तारीख, जबाबदार व्यक्तीचे पद आणि पुढील तपासणीचा महिना लिहावा. पाठ छोटे असले की सहापैकी एकच बदलून भागते, हाही लहान पाठांचा एक लाभ.

दुसरा अभ्यासक्रम हाती घेण्याआधी ज्या अनुभवी कर्मचारी बाईंच्या पाळीवरून पहिला तयार झाला, त्यांना तो दाखवावा. ‘मी नव्या मुलांना असेच सांगते,’ असे त्या म्हणाल्या, तर अभ्यासक्रम सर्वांना पाठवायला हरकत नाही. त्या गप्प राहिल्या, तर संहिता पुन्हा उघडावी.